मामा कुठले?

मुलाखतीला आलेल्या माणसाला बसायला खुर्ची द्यावी, प्यायला पाणी द्यावं आणि कामाचं विचारावं. आमच्या संस्थेत खुर्ची मिळायची, पाणीही मिळायचं आणि मग विचारलं जायचं, "मामा कुठले तुमचे?" इतकी वर्षं झाली, तरी हा प्रश्न कानावर पडला की मला तिथं बसवत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारणीनं सहज विचारला तरी मी ताटावरून उठते. लोकांना वाटतं मला पित्ताचा त्रास आहे.

संस्था बारामतीत होती, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली युरियाचा वास आणि वर एसीचा गारठा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार आणि ते दुरुस्त करायला आपलीच पोरं अमेरिकेला जाणार, असं जो तो सांगत सुटला होता. ज्याच्याकडे मोकळा गाळा होता, त्यानं कॉम्प्युटर क्लास काढला. आमचे आबा त्यातलेच. ऊस आणि ट्रॅक्टरची एजन्सी यांच्या जोरावर वर आलेले. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण दसऱ्याला प्रत्येक मॉनिटरला झेंडूचा हार घालायचे आणि कीबोर्डवर हळदकुंकू वाहायचे. ते कुंकू बटणांच्या फटीत जाऊन बसायचं. दसऱ्यानंतर आठवडाभर मी काडीला कापूस गुंडाळून बटणं साफ करत असे आणि मनातल्या मनात शिव्या देत असे.

मी लहानाची मोठी झाले लासुर्ण्यात, मामांच्या घरी. वडील कारखान्यात फिटर. पाळीची नोकरी, एका खोलीचं घर, म्हणून शाळेसाठी मला मामांकडे ठेवलं होतं. मामा बँकेत कारकून. सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे आणि वाटेत पाढे म्हणून घ्यायचे. सतराचा पाढा चुकला की सायकल थांबायची, बरोबर आला की पुढे निघायची. पुढे पुण्यात कॉम्प्युटरचं शिकले, ते त्या पाढ्यांच्याच बळावर असं मी मानते. मामा म्हटलं की मला तो सायकलवरचा माणूस आठवतो. म्हणून तो प्रश्न मला जास्तच झोंबतो.

आबांना हवा होता ऑनलाइन कोर्स. हा शब्द त्यांनी पुण्याला कुठल्याशा प्रदर्शनात ऐकला होता. संस्थेची दुसरी शाखा इंदापूरला निघाली होती. तिथं मशिनं होती, मुलं होती, पण शिकवणारं माणूस तिथं टिकत नव्हतं. तेव्हा बारामतीतूनच टेलिफोनच्या तारेवरून शिकवायचं ठरलं. मॉडेम आधी किंचाळायचा, मग लाइन जोडली जायची आणि इथं टाइप केलेलं तिथल्या पडद्यांवर उमटायचं. सकाळी लिहून तयार असलेला पाठ पाठवायचा आणि दुपारी तासभर शिक्षकानं इथं बसून मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. वर एका पट्टीत शिक्षकाचं नाव कायम दिसत राहायचं.

पाठ लिहायचं काम माझं. बाजारातली पुस्तकं इंग्रजीत होती आणि त्यांतली उदाहरणं भलत्याच देशांतली. मी कोर्स मराठीत लिहिला. अट म्हणजे काय, तर डेअरीत दुधाची फॅट कमी भरली तर दूध परत, नाहीतर आत. एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा लूप म्हणजे काय, तर कारखान्याच्या काट्यावर बैलगाड्यांची रांग आहे तोवर वजन करत राहा. रांग संपली की थांब. हे लिहिताना मला फार मजा आली. आबांनाही वाचून दाखवलं. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोरी, ह्ये तर मलाबी कळलं!"

पोरी, लेकी, असंच ते मला म्हणायचे. घरचा डबा आला की त्यातली भाकरी मोडून द्यायचे. त्याचं कारण होतं. माझं आडनाव असं आहे की ते गावच्या पाटलांतही असतं आणि आमच्या बौद्धांतही. माझ्या कॉलेजच्या सरांनी त्यांना फोनवर माझं आडनाव सांगितलं, आबांनी मनाशी हिशेब केला आणि मला आपल्यात बसवून टाकलं. मी काही लपवलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

कोर्स तयार झाला आणि तो शिकवायला माणूस निवडायची वेळ आली. दुपारच्या तासाला मी बसणार नव्हते. मला पुढचे पाठ लिहायचे होते. पण माझे पाठ ज्याच्या हाती जाणार, तो माणूस चांगला असावा एवढीच माझी इच्छा होती. चांगला पाठ वाईट माणसाच्या हाती पडला की त्याचा चोथा होतो. बारामतीत वर्ग चालू असायचे, म्हणून मुलाखती इंदापूरच्या नव्या, रिकाम्या हॉलमध्ये ठेवल्या. घ्यायला आबा, एक निवृत्त हेडमास्तर गुरुजी आणि मी. मी एकच परीक्षा ठेवली होती. फळ्यावर लूप समजावून सांगा. आबांनीही एकच ठेवली होती.

"गाव कुठलं? बरं, बरं. आन मामा कुठले?"

गावावरून कळलं नाही तर मामांवरून कळतं. मामांवरूनही नाही कळलं तर "पाव्हणंरावळं कुणीकडं?" असा फेरा पुढे सरकतो. जात म्हणून कुणी विचारत नाही. ते असभ्य दिसतं ना! गुरुजी प्रत्येक उत्तराला "व्हय, व्हय" म्हणत मान हलवायचे, आणि ती मान उभी हलली की आडवी, यावर समोरच्याचं भवितव्य ठरायचं. मला तिथं बसणं असह्य झालं. गुरांच्या बाजारात दात बघतात, ते निदान उघड्यावर बघतात.

तेवढ्यात एक मुलगी आली. भिगवणची. बी. एस्सी. झालेली, पाठीवर वेणी, हातात खडू घेतानाच चेहऱ्यावर तोरा. मी म्हटलं, लूप शिकवा. तिनं माझ्या बैलगाड्या वगैरे काही वाचलेलं नव्हतं. फळ्यावर मासा काढला आणि म्हणाली, "समजा लिलाव चाललाय. बोली वाढतीय तोवर ओरडत राहायचं. बोली थांबली, माशांची पाटी उचलली, लूप संपला. आता मला सांगा, बोली कधी थांबलीच नाही तर काय होईल?" आणि थेट गुरुजींकडे बोट केलं. गुरुजी दचकून म्हणाले, "मासं नासतील."

"बरोबर. आणि मशिन अडकून पडेल," ती म्हणाली. मी खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाले. माझा कोर्स शिकवणारं माणूस मला सापडलं होतं.

मग आबांनी घसा खाकरला. "मामा कुठले तुमचे?"

"मामांचं गाव पाण्याखाली हाय, आबा. उजनीत गेलं."

आबा हसले. "आन पाण्याच्या आदी कुणाचं व्हतं?"

"आदीबी आमचंच. भोयांचं."

"कळवतो," आबा म्हणाले. ती बाहेर पडल्यावर त्यांनी नाकाला रुमाल लावला. "माशाचा वास येतूय न्हवं, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, व्हय, व्हय. कडक इस्त्रीचे कपडे घालून आली होती ती, पावडरचा मंद वास मागे ठेवून गेली होती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आबा, शिकवायचंय तारेवरून. तारेतून वास जात नाही."

"वास जात नसंल पोरी. नाव जातं की पडद्यावर."

शेवटी एकजण आला. डोक्यावर गॉगल चढवलेला, जीन्स इतकी घट्ट की बसताना विचार करावा लागत होता. फळ्याकडे पाठ करून त्यानं पुस्तकातली लूपची इंग्रजी व्याख्या धडाधडा म्हटली आणि ती संपल्यावर आमच्याकडे असं पाहिलं, जणू आता टाळ्या वाजणार. त्या सगळ्या दिवसात त्या एकट्यालाच मामा कुठले हे विचारलं गेलं नाही. का, ते मला लगेच कळलं. जाताना त्यानं वाकून आबांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "येतू मामा."

"भाईर कुणाला बोलू नगा भाचा हाय म्हणून," आबा आम्हाला म्हणाले. "बाकीचे डायरेक्टर बोंबलत बसतील." निवड झालेली होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

गुरुजी इंदापूरचेच, ते घरी गेले. आबा म्हणाले, आता भिगवणला वळसा घालून जाऊ, मासे खाऊ. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण जीप खरंच भिगवणला हायवेच्या कडेला एका हॉटेलापुढे थांबली. समोर उजनीचं पाणी पसरलेलं, काठावर जाळी वाळत घातलेली. आबांनी चिलापी तळायला सांगितली, दोघांत एकच मोठी थाळी. मासा भोयांनी धरलेला चालत होता, बाजारातून आणलेला चालत होता, बोटं चाटून खाल्लेला चालत होता. फक्त त्यांच्या पोरीनं फळ्यावर काढलेला चालत नव्हता.

"खा पोरी," आबा मायेनं म्हणाले आणि आपल्या हातानं काटे काढून एक तुकडा माझ्या पुढ्यात ठेवला.

त्या मायेचीच मला किळस आली. मी म्हटलं, "आबा, तुम्ही मला नाही विचारलंत, मामा कुठले ते."

"तुला काय इचारायचं? आडनावावरनंच कळतं की."

"काय कळतं? माझे मामा लासुर्ण्याचे. बौद्धवाड्यातले. आम्हीही त्यातलेच."

आबांचा हात थाळीवर तसाच थांबला. मग ते म्हणाले, "असं व्हय." आणि वर म्हणाले, "आमी काय तसलं मानत न्हाय." आणि लगेच पोऱ्याला हाक मारली, "ह्यास्नी दुसरी प्लेट आन रं." मग माझ्याकडे न बघता, "मॅडम, तुमी खावा निवांत. मी हात धुतो."

काटासुद्धा चोखून टाकणारा माणूस, अर्धा मासा थाळीत टाकून उठला. नळाखाली ते कितीतरी वेळ हात चोळत होते. मी हट्टानं सगळा मासा संपवला. चव कशाचीच लागली नाही.

त्या दिवसापासून मी मॅडम झाले. तुमी, तुमास्नी, बसा, घ्या. माझ्या आयुष्यात एवढा मान मला कुणी दिला नव्हता आणि मानाची एवढी शिसारीही कधी आली नव्हती. त्यांच्या डब्यातली भाकरी पुन्हा माझ्यापर्यंत आली नाही. मला काढून टाकणं त्यांना परवडणारं नव्हतं, कारण पुढचे पाठ माझ्या डोक्यात होते. आणि मीही सोडून गेले नाही, कारण ते पाठ माझे होते.

भाचेबुवांचा तास सुरू झाला. एका बोटानं टाइप करायचे. इंदापूरहून कुणी विचारलं की सर, प्रोग्राम थांबत का नाही, तर उत्तर जायचं, पाठ पुन्हा वाचा. तिकडून लिहून यायचं, वाचला, कळला नाही. मग स्वारी गॉगल सारखा करून उठायची. "मॅडम, जरा बघा की, मी च्या पिऊन आलो." तो चहा तास संपेपर्यंत पुरायचा. मुलं तिकडे ताटकळायची ते मला बघवेना, म्हणून मी बसायची आणि उत्तरं लिहायची. मासळीच्या लिलावाचं उदाहरणही मी देऊन टाकलं, आणि देताना मला त्या मुलीची आठवण आली. वरच्या पट्टीत नाव मात्र त्याचंच झळकत होतं. इंदापूरची मुलं खूश झाली. सर भारी शिकवतात, असं तालुक्यात पसरलं. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, ह्यो सर म्हणजे हिरा गावलाय. हिरा तेव्हा खाली खताच्या दुकानात गुटखा खात बसलेला असायचा. मी दोनदा आबांना म्हटलं, त्या भिगवणच्या मुलीला बोलवा. पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी मी मुलांना समजावत होते की प्रोग्राममध्ये वस्तू ठेवायला आधी डबा लागतो आणि डब्याला नाव लागतं. तेवढ्यात इंदापूरहून एका मुलाची ओळ आली.

"सर, एक विचारू का? तुमचे मामा कुठले?"

त्याला बहिणीसाठी स्थळ बघायचं होतं आणि घरच्यांनी चौकशी करायला सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की तो प्रश्न तारेतूनही आला. कॉम्प्युटर आला की हे सगळं जाईल, असं पुण्यात आमचे सर म्हणायचे. कुठलं जातंय! तिथं ना चेहरा, ना आवाज, ना वास, आणि तरीही पोरगं मामा शोधतच होतं.

शिकवणाऱ्याचे मामा त्याला हवे होते. शिकवत मी होते. मी टाइप केलं, "लासुर्ण्याचे. बौद्धवाड्यातले. पाढे चांगले शिकवायचे. आणखी काही?"

 मग ओळ आली, "ओके सर."

पुढे काय होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण रागात ते सुचलंच नाही. भाचेबुवांचे मामा म्हणजे आबा. मी आबांनाच लासुर्ण्याच्या बौद्धवाड्यात नेऊन बसवलं होतं.

लवकरच आबा जिना धापा टाकत चढून आले. मागून भाचा, गॉगल हातात. "मॅडम, ह्ये काय लिव्हून ठिवलंय? सोयरीक मोडाय लागली पोराची! पाव्हणं फोन करून इचारत्यात, तुमी सांगताय कोण आन हाय कोण?"

"मला विचारलं, मी माझं सांगितलं. खोटं काय आहे त्यात?"

"आवो, पण नाव त्येचं हाय ना वर!"

"नाव त्यांचं आहे, काम माझं आहे."

आबा खुर्चीत बसले. खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. आबा म्हणाले, मी फोनवर समजावून सांगितलं, पण पाव्हणं ऐकेनात. म्हणत्यात, पडद्यावर समद्या पोरांनी वाचलंय, तर पडद्यावरच दुरुस्त करा. "तवा मॅडम, लिव्हा आता, की ह्यो शिकवत नव्हता, तुमी शिकवत व्हता म्हणून."

मी म्हटलं, "लिहिते. पण मग मुलं विचारतील, आता शिकवणार कोण. त्याचंही उत्तर लागेल. भिगवणच्या मुलीला खुर्ची द्या, तिचं नाव पट्टीत घाला. मग लिहिते."

आबांनी भाच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. मासा आणि सोयरीक, दोन्ही तोलून झालं. "लिव्हा," ते म्हणाले.

मी लिहिलं, की या तासाला आजवर उत्तरं सर देत नव्हते, मी देत होते. लासुर्ण्याचे मामा माझे. सरांचे मामा म्हणजे आपल्या संस्थेचे आबा. आबा माझ्या पाठीमागे उभे राहून एकेक ओळ मोठ्यानं वाचून घेत होते. शेवटची ओळ गेली तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भाच्याला वशिल्यानं लावलं, त्याला येत काही नव्हतं, महिनोन्महिने दुसऱ्याच्या जिवावर तो सर म्हणून मिरवला, हे सगळं स्वतःच्या तोंडानं साऱ्या इंदापूरला कळवून माणूस हलका झाला होता. त्याची लाज नव्हती वाटत. लाज फक्त आमची वाटत होती. घरी जाऊन मी तोंडावर गार पाण्याचे हबके मारत राहिले.

भिगवणची मुलगी आली ती तोऱ्यातच. आजवर कोण शिकवत होतं ते कळल्यावर इंदापूरची काही मुलं यायची बंद झाली होती, बाकीची होती. पहिल्या दुपारी मॉडेम किंचाळून शांत होईपर्यंत आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. तिनं हळूच विचारलं, "ताई, आबांना त्या दिवशी माझं शिकवणं आवडलं व्हतं ना? म्हणूनच बोलावलं ना मला?"

तिला होय म्हणायला हवं होतं, असं कुणालाही वाटेल. माझ्या तोंडून ते निघेना. मी म्हटलं, "मला आवडलं होतं. आबांना भाच्याचं लग्न जमवायचं होतं." आणि सगळं सांगितलं, त्या दुसऱ्या प्लेटसकट.

तिचा तोरा थोडा उतरला, मग तिनं वेणी पाठीवर टाकली आणि कीबोर्ड पुढे ओढला. पट्टीत तिचं नाव आलं. क्षणभरात इंदापूरहून पहिली ओळ उमटली.

"नमस्कार मॅडम. गाव कुठलं आपलं? मामा कुठले?"

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. दहाही बोटांनी टाइप केलं, "पाण्याखाली. चला, कालचा प्रोग्राम काढा."